पेट्रोल महागलं म्हणून घर मेट्रोजवळ घ्यावं का? वाघोली की कासारवाडी, एका जोडप्याचा हिशोब

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंही नोकरी करतात. त्याचं ऑफिस पिंपरीत, मोरवाडीजवळ. तिची नोकरी डेक्कनला, एका लॅबमध्ये. घर घ्यायचंय आणि समोर दोन पर्याय आहेत. वाघोलीत केसनंद फाट्याच्या पुढे नवा टू बीएचके, ५८ लाखांत. किंवा कासारवाडीत मेट्रो स्टेशनपासून चालत जाता येईल असा पंचवीस वर्षं जुना टू बीएचके, लिफ्ट नाही, ७८ लाखांत. त्यांनी विचारलंय : पेट्रोल शंभरीच्या वर जाऊन बसलंय ते काही खाली येत नाही, मग जास्त पैसे देऊन मेट्रोजवळ राहणं परवडेल का? शिवाय पेट्रोल असंच चढत राहिलं तर लांबच्या घरांचे भाव पडतील का, म्हणजे वाघोलीत पैसे अडकतील का?

मी वाहतूक नियोजनात बावीस वर्षं काढली. त्यातली निम्मी चौकात उभं राहून गाड्या मोजण्यात आणि लोकांच्या दिवाणखान्यात बसून 'तुम्ही रोज कुठून कुठे, कशाने, किती वेळात जाता' हे विचारण्यात गेली. त्यामुळे आधी सांगून टाकते : तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण त्यात पेट्रोलला जेवढा मान दिलाय तेवढा त्याचा नाही. निदान पुण्यात नाही.

आकडेच मांडू. पेट्रोल लिटरला १०४ रुपये धरते. महिन्याला कामाचे दिवस २४. वाघोलीहून मोरवाडी एका बाजूने सुमारे २४ किलोमीटर, डेक्कन सुमारे १८. दोघंही दुचाकीवर जाणार आणि गाडी पंचेचाळीसचं अ‍ॅव्हरेज देते असं समजू. त्याचे महिन्याचे ११५२ किलोमीटर होतात, म्हणजे साडेपंचवीस लिटर, म्हणजे २६६० रुपये. तिचे ८६४ किलोमीटर, एकोणीस लिटरच्या थोडं वर, २००० रुपये. दोघांचं मिळून साधारण ४६६०.

आता कासारवाडी. त्याला मेट्रोने तीन स्टेशनं. तिला सिव्हिल कोर्टला गाडी बदलून डेक्कन. त्याचं तिकीट पंधरा आणि तिचं पंचवीस धरलं तर महिन्याला दोघांचे १९२० रुपये. बचत झाली पावणेतीन हजारांची.

आणि घराच्या किमतीतला फरक आहे २० लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे ८६८ रुपये हप्ता बसतो. २० लाखांचे झाले १७,३६०.

पावणेतीन हजार वाचवायला सव्वासतरा हजार. पेट्रोलच्या जिवावर हा सौदा बरोबरीला आणायचा, तर पेट्रोल लिटरला ४३० रुपये व्हावं लागेल. दुचाकीचे टायर, ऑइल, चेन-स्प्रॉकेट यांचे हजार-दीड हजार धरले तरी चित्र बदलत नाही. पेट्रोल दुप्पट झालं तरी वाघोलीच स्वस्त. म्हणूनच २०२१ च्या उन्हाळ्यात पुण्यात पेट्रोलने शंभरी ओलांडली, २०२२ मध्ये ते आणखी वर गेलं, मग केंद्राने आणि राज्याने कर कमी केल्यावर थोडं उतरलं, आणि या सगळ्या काळात वाघोली, मांजरी, चऱ्होली, किरकटवाडीकडचं बुकिंग काही थांबलं नाही. लोक वेडे नव्हते. त्यांनी हाच हिशोब मनातल्या मनात केला होता.

इथे एक गंमत सांगते, सर्वेक्षणातली. पुण्यात दुचाकीवाला पंपावर 'दोन लिटर' मागत नाही, 'दोनशेचं टाक' म्हणतो. भाव ७० असताना दोनशेचंच टाकायचा आणि १०४ झाल्यावरही दोनशेचंच टाकतो. फरक त्याला पैशांत कळत नाही, 'हल्ली पेट्रोल लवकर संपतं' असा कळतो. त्याचा दोष तो अर्धा वेळ गाडीच्या कार्ब्युरेटरला देतो. घरोघरी 'महिन्याला पेट्रोलचा खर्च किती' असं विचारलं की पुरुष मंडळी बेधडक आकडा सांगत. मग आतून कुणीतरी डायरी घेऊन येई आणि आकडा दीडपट होई. आम्ही पुढे पुढे डायरीवाल्या व्यक्तीलाच आधी विचारायला लागलो.

तर मग मेट्रोजवळचं घर हा तोट्याचा धंदा का? तसंही नाही. हिशोबात एक गोष्ट मी मुद्दाम सोडली होती.

वाघोलीला राहायला गेलेलं जोडपं पहिल्या वर्षी दोन दुचाक्यांवर असतं. नगर रस्त्याची धूळ, खराडी बायपासचा चौक, ट्रक, डंपर. पहिल्या पावसाळ्यात चांगला रेनकोट घेतला जातो. दुसऱ्या पावसाळ्यात गाडी घेतली जाते. किंवा मूल होतं, किंवा कंबर धरते, किंवा जवळच्या कुणाचा अपघात होतो. कारण कुठलंही असो, रोज पन्नास किलोमीटर दुचाकी चालवणारा माणूस तिशीच्या मध्यावर चारचाकीकडे वळतो, हे मी इतक्या घरांत पाहिलंय की त्याला अपवादच शोधावा लागतो. माझ्या स्वतःच्या घरात हेच झालं. आम्ही २००८ मध्ये शहराच्या दक्षिणेला डोंगरउतारावरच्या एका नव्या सोसायटीत गेलो तेव्हा ब्रोशरमध्ये बसस्टॉप दाखवला होता. स्टॉप होताही. बस दिवसातून चारदा यायची. दीड वर्षात दुसरी गाडी दारात आली, आणि मी, वाहतूक नियोजन शिकवणारी बाई, रोज एकटी चारचाकीतून फिरायला लागले.

आता ती गाडी हिशोबात घ्या. तो मोरवाडीला कारने जातो. शहरात गाडी चौदाचं अ‍ॅव्हरेज देते. ११५२ किलोमीटरला ८२ लिटर, म्हणजे साडेआठ हजार. आठ लाखांची गाडी दहा वर्षांनी दोन लाखांना गेली, तर घसारा महिन्याला पाच हजार. विमा, सर्व्हिसिंग, टायर मिळून आणखी तीनेक हजार. एकूण साडेसोळा हजार. तिच्या स्कूटरचे दोन हजार मिळवले की साडेअठरा. त्यातून मेट्रोचे १९२० वजा केले की उरतात साडेसोळा हजारांच्या वर.

आणि हप्त्यातला फरक होता १७,३६०. पारडी जवळजवळ बरोबरीला आली.

माझं म्हणणं एवढंच आहे. पुण्यात घर कुठे घ्यायचं हे पेट्रोलचा भाव ठरवत नाही, रोज रस्त्यावर काढावी लागणारी गाडी ठरवते. पेट्रोल दहा रुपयांनी वाढलं तर दोन दुचाक्यांच्या घराला महिन्याला साडेचारशेचा फटका बसतो, कारवाल्या घराला हजाराचा. हजार रुपये जाणवतात, पण हजार रुपयांसाठी कुणी घर बदलत नाही. महिन्याचे सोळा-सतरा हजार वाचत असतील तर मात्र माणूस जुन्या इमारतीचे तीन जिने चढायला तयार होतो.

'मेट्रोजवळ राहणारेही गाडी घेतातच की,' असं कुणी म्हणेल. घेतात. पण ती पार्किंगमध्ये झाकून ठेवलेली असते, रविवारी लोणावळ्याला नाहीतर गावी जाते. तिचा घसारा लागतो, साडेआठ हजारांचं पेट्रोल लागत नाही. आणि ती एकच असते. खरा खड्डा पडतो तो दुसऱ्या गाडीने.

यातलं थोडं शास्त्र सांगते, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे. १९६४ मध्ये विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने शहरातल्या जमिनीच्या भावाची एक साधी मांडणी केली : कामाच्या ठिकाणापासून जसजसं दूर जाल तसा प्रवासाचा खर्च वाढतो आणि जागेचा भाव तेवढ्या प्रमाणात उतरतो. म्हणजे जागा स्वस्त मिळते ती बिल्डर उदार असतो म्हणून नाही. तुम्ही पुढची वीस वर्षं जे इंधन आणि जे तास जाळणार आहात त्याची ती आगाऊ सूट असते. या मांडणीप्रमाणे इंधन महागलं की कडेच्या जागांचे भाव पडायला हवेत आणि शहर आकसायला हवं.

अमेरिकेत हे काही प्रमाणात दिसलं. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं, पंपावर गॅलनला चार डॉलरच्या वर भाव लागला. त्या वर्षी तिथल्या सार्वजनिक वाहतुकीने १०७० कोटी फेऱ्या नोंदवल्या, १९५६ नंतरचा सर्वांत मोठा आकडा. लांबच्या उपनगरांतल्या घरांना तेव्हाच्या घरबाजाराच्या पडझडीत जास्त मार बसला, अर्थात त्यात बुडीत गृहकर्जांचा वाटा मोठा होता. पण अमेरिकी माणूस लिटरला दहा किलोमीटर देणारी मोठी गाडी घेऊन एकटा पन्नास किलोमीटर जातो. त्याच्याकडे स्कूटर हा पर्यायच नाही. आपल्याकडे आहे, आणि तिने अलोन्सोची मांडणी पार बोथट करून टाकली. पुण्याची कड दुचाकीने वाढवली. २०१८ मध्ये पुण्यातल्या नोंदणीकृत वाहनांचा आकडा ३६ लाखांच्या पुढे जाऊन लोकसंख्येला मागे टाकत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. त्यात बहुसंख्य दुचाकी होत्या.

खरं तर हे शहर आधी दुसऱ्याच पद्धतीने पसरलं होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पेठांतली हजारो घरं गेली, आणि गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. पण त्या सायकलच्या टप्प्यातल्या होत्या. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये आली, साठच्या दशकात आकुर्डी-चिंचवडला मोठे कारखाने आले, आणि ते रेल्वे आणि मुंबई रस्ता यांच्या आसपासच्या पट्ट्यात बसले. कामगार खडकी, दापोडी, कासारवाडी, पिंपरी, चिंचवड असे स्टेशनांच्या आसपास राहिले. १९७८ मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली ती याच पट्ट्यावर. मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी आयटी पार्क काढायचं ठरलं तेव्हा ते नेलं हिंजवडीला, जिथे रेल्वे नव्हती आणि धड रस्ताही नव्हता. त्या एका निर्णयाने जेवढं पेट्रोल जाळलं तेवढं पंपावरच्या कुठल्याही भाववाढीने वाचवलेलं नाही. हे माझं मत आहे, आणि हिंजवडीच्या पुलाखाली अडकून पडल्यावर ते दरवेळी पक्कं होतं.

आता दुसरा प्रश्न : लांबच्या घराचे भाव पडतील का? पेट्रोलमुळे पडतील असं मला वाटत नाही. उलट आता विजेच्या स्कूटरने दुचाकीचा किलोमीटर आणखी स्वस्त केलाय. शंभर किलोमीटरला तीनेक युनिट वीज लागते. युनिट दहा रुपयांना धरलं तरी किलोमीटरला तीस पैसे, पेट्रोलच्या स्कूटरला सव्वादोन ते अडीच रुपये. बॅटरीचा खर्च वेगळा धरावा लागेल हे खरं, पण रोज खिशातून जाणारा पैसा एवढा कमी झाला की माणूस आणखी पाच किलोमीटर लांब जायला तयार होतो. विजेच्या गाड्यांनी हवा सुधारेल. शहराचं पसरणं त्या थांबवणार नाहीत, त्याला हातभारच लावतील. हे अनेकांना रुचत नाही, पण गणित तेच सांगतं.

लांब जाण्याला आळा बसतो तो वेळेने. १९७० च्या दशकात याकोव्ह झहावी यांनी निरनिराळ्या शहरांतल्या प्रवासाचा अभ्यास करून मांडलं की माणूस दिवसाकाठी सरासरी तासाभराच्या आसपास वेळ प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं की तो वेळ वाचवत नाही, तेवढ्याच वेळात लांब जातो. आपल्याकडे तो तास केव्हाच मागे पडलाय. वाघोली ते मोरवाडी सकाळी सव्वा तास लागतो, संध्याकाळी जास्त. म्हणजे रोजचे अडीच तास. कासारवाडीहून दारापासून दारापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं. मोरवाडीला जाणारा नवरा रोज पावणेदोन तास वाचवेल, म्हणजे महिन्याला बेचाळीस तास. कामाचा एक अख्खा आठवडा. त्याची किंमत तुम्ही लावा, मी लावणार नाही. एवढंच सांगते की घर घेताना ती शून्य धरली जाते, आणि घर घेतल्यावर भांडणं त्यावरूनच होतात.

इंधनाचा आणखी एक वाटा असतो आणि तो पंपावर दिसत नाही. कडेच्या सोसायट्यांना पाणी देणारा टँकर डिझेलवर चालतो. वाघोली २०२१ मध्ये २३ गावांपैकी एक म्हणून महापालिकेत आली, महापालिकेची हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या वर गेली, मिळकतकर लागला, पण नळाचं पाणी त्याच वेगाने पोचलं नाही. डिझेल चढलं की टँकरवाला भाव वाढवतो, सोसायटी मेंटेनन्स वाढवते आणि ती वाढ तुम्ही 'पेट्रोलचा खर्च' या खात्यात कधीच लिहीत नाही. स्कूलव्हॅनचंही तसंच. २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा पुण्यात सीएनजी बासष्ट रुपयांच्या आसपास उतरला होता. त्याच वर्षी दिवाळीच्या आत तो नव्वदच्या वर गेला. व्हॅनवाल्या काकांनी जूनमध्ये ठरवलेली फी ऑक्टोबरमध्ये वाढवली, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं. वाघोलीची सोसायटी बघायला जाल तेव्हा मागच्या मार्च-एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. देत नसतील तर तेही उत्तरच आहे.

आता मेट्रोच्या बाजूचं कौतुक थोडं आवरते, कारण इथेही फसगत आहे.

जाहिरातीत 'मेट्रोपासून पाच मिनिटं' लिहिलेलं असतं ते गाडीने, आणि तेही रविवारी पहाटे. दोन-तीन किलोमीटरवरचं घर मेट्रोजवळचं नव्हे. रिक्षाचं भाडं बघा : सप्टेंबर २०२२ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे किलोमीटरला १७. स्टेशन तीन किलोमीटरवर असेल तर एका बाजूचे पन्नास, दोन्हीकडचे शंभर, महिन्याला २४०० रुपये. आणि मघाशी आपण पाहिलं की वाघोलीहून डेक्कनपर्यंतचं अख्ख्या महिन्याचं स्कूटरचं पेट्रोल २००० रुपयांत होतं. म्हणजे मेट्रोपर्यंत पोचण्याचा खर्च मेट्रो न वापरण्याच्या खर्चापेक्षा जास्त! मेट्रोत माणसं का चढत नाहीत म्हणून हळहळणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करावी. शेअर रिक्षा किंवा दर दहा मिनिटांनी फीडर बस असेल तरच दोन-तीन किलोमीटरचं घर मेट्रोला जोडलेलं म्हणायचं. नाहीतर तिथला माणूस स्कूटर काढतो, आणि एकदा हेल्मेट डोक्यावर चढलं की स्टेशनला न थांबता सरळ ऑफिस गाठतो.

पीएमपीचं, म्हणजे शहरातल्या बसचं, तेच. जून २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, दैनंदिन पास ४० वरून ७० वर गेला आणि मासिक पास ९०० वरून १५०० वर. दोघांचे पास मिळून तीन हजार, दुचाक्यांचं पेट्रोल ४६६०. फरक उरतो तो एवढाच, आणि त्याच्या बदल्यात बसची वाट बघायची. इंधन महाग झालं की लोक बसकडे वळतात हे पुस्तकात खरं असतं, पण बसचं तिकीटच त्याच्या मागे धावायला लागलं तर कोण कशाला वळेल? बीआरटीचा, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकेचा, पहिला मार्ग आपण २००६ मध्ये काढला, देशात सगळ्यांत आधी. त्याचं पुढे काय केलं ते नगर रस्त्यावरून जाणाऱ्याला सांगायला नको.

घोषित मेट्रोच्या भरवशावरही घर घेऊ नका. वाघोलीचा एजंट तुम्हाला सांगेल की रामवाडीहून पुढे मेट्रो येतेय. ते खोटं नाही. वनाज ते चांदणी चौक आणि रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या पावणेतेरा किलोमीटरच्या विस्ताराला जून २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. पण मंजुरी आणि गाडी यांत किती अंतर असतं ते बघा. पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१६ ला झालं. पहिला टप्पा, वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी, मार्च २०२२ ला सुरू झाला. ते दोन तुकडे सिव्हिल कोर्टला जोडले गेले ऑगस्ट २०२३ मध्ये. रामवाडी मार्च २०२४, स्वारगेट सप्टेंबर २०२४. हिंजवडी-शिवाजीनगर मार्गिकेचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ चं आहे, आणि मूळ मुदत कधीच उलटलीय. मधल्या वर्षांत मेट्रोचं बांधकाम तुमच्याच रस्त्यावर चाललेलं असतं, म्हणजे आत्ताचा सव्वा तास दीड होतो. आणि ज्या दिवशी मंजुरीची बातमी येते त्याच दिवशी बिल्डर भाव वाढवतो. गाडी यायच्या सहा-सात वर्षं आधी तिचं तिकीट तुम्ही चौरस फुटाच्या भावात काढलेलं असतं.

स्टेशनजवळच्या घरांचं दुखणं वेगळं आहे. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय मिळतो, म्हणजे प्लॉटच्या चौपट बांधकाम करता येतं. उद्देश चांगला : जास्त लोकांनी मेट्रोजवळ राहावं. पण त्यासाठी बिल्डरने प्रीमियम भरायचा, आणि तो भरून काढायला तो मोठे फ्लॅट आणि प्रत्येकी दोन गाड्यांचं पार्किंग विकतो. म्हणजे स्टेशनच्या डोक्यावर राहणार दोन गाड्यांचं कुटुंब, आणि ज्याला मेट्रोची गरज तो वाघोलीला. माझ्या हातात असतं तर त्या ५०० मीटरमध्ये पार्किंग विकत घेणं ऐच्छिक केलं असतं, ज्याला नको त्याला तेवढे लाख कमी. बैठकांत मी हे बोलले की सगळे माना डोलावतात आणि पुढच्या विषयाकडे जातात.

म्हणूनच तुम्हाला मिळालेली जुनी, बिनलिफ्टची इमारत मला नव्या टॉवरपेक्षा जास्त आवडली. तिच्यात पार्किंगचे पैसे नाहीत, क्लबहाऊसचे नाहीत. पुनर्विकासाची शक्यता आहे, पण ती आली तर बोनस समजा, भावात मोजू नका. जिने किती आणि घरात सासू-सासरे येऊन राहणार आहेत का, हे मात्र नीट बघा. चौथ्या मजल्यावरून आजींना उतरवता आलं नाही की मेट्रो कितीही जवळ असली तरी रिक्षा दारात बोलवावीच लागते.

कासारवाडीच्या बाजूने आणखी एक मुद्दा. नोकऱ्या बदलतात. हप्ता वीस वर्षांचा आणि नोकरी फार तर पाच वर्षांची. एका ऑफिसच्या जवळ घर घेण्यापेक्षा जिथून दोन-तीन दिशांना गाडी मिळते अशा मार्गावर घर घेणं शहाणपणाचं. तुम्हाला तिथून पिंपरी, स्वारगेट, कोथरूड, रामवाडी सगळं फार तर एका बदलाने मिळतं, आणि शेजारी लोणावळा लोकलचं स्टेशन आहे. तेच डोक्यात ठेवून बजेट अजिबातच ताणत नसेल तर आकुर्डी, देहूरोड, तळेगाव या लोकलच्या पट्ट्यातही एक चक्कर मारा. तळेगाव-पुणे मासिक पास अजूनही पाच लिटर पेट्रोलच्या पैशांत बसतो. गाड्या कमी आणि दुपारी मोठा खंड, हा दोष आहेच. ज्याची ड्यूटी दहा ते सहा आहे त्याला तो फारसा नडत नाही.

आता माझा सल्ला. तुम्ही दोघं चाळिशीपर्यंत दुचाकीवरच राहाल अशी तुमची खरोखर खात्री असेल आणि हप्ता आधीच गळ्याशी येत असेल, तर वाघोली चूक नाही. पगार कमी आणि हप्ता जास्त या कात्रीत अडकण्यापेक्षा ते बरं. पण गाडी घ्यायचा विचार मनात असेल, तर ती गाडी न घेता त्या पैशांत कासारवाडी बसवा. आणि दोन्हीपैकी काहीही घेण्याआधी कासारवाडीत, त्याच गल्लीत, अकरा महिने भाड्याने राहा. ७८ लाखांच्या घराचा हप्ता पन्नास हजारांच्या पुढे जाईल, त्याच घराचं भाडं त्याच्या अर्ध्याच्याही आत असेल. त्या अकरा महिन्यांत गेटपासून स्टेशनच्या जिन्यापर्यंत रोज चालून बघा : फूटपाथ आहे की टपऱ्या, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे की देवाचं नाव, आणि रात्री साडेनऊला ती परत येते तेव्हा त्या गल्लीत दिवे लागलेले असतात का. करार मे महिन्यात सुरू करा, म्हणजे जून-जुलै सुरुवातीलाच पदरात पडतात आणि गल्लीत पाणी कुठपर्यंत साचतं ते डिपॉझिट परत मागायच्या आत कळतं.